मोठे टायर, चढाचा रस्ता आणि ॲक्सलचे रेशो

वाचकाचे पत्र : माझ्याकडे २०२२ सालची टोयोटा टॅकोमा टीआरडी ऑफ-रोड ही ऑटोमॅटिक, फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप आहे. आम्ही डेन्व्हरजवळ ऑरोराला राहतो आणि उन्हाळ्यात एक आठवडा सोडून एक आठवडा शनिवार-रविवारी डोंगरात जातो. गेल्या वर्षी मूळचे २६५/७०आर१६ टायर काढून २८५/७५आर१६ घातले. पुढे लोखंडी बंपर आहे, मागे रॅकवर तंबू आहे आणि अधूनमधून सुमारे अडीच हजार पौंडांचा कॅम्पिंग ट्रेलर जोडलेला असतो. टायर बदलल्यापासून आय-७० महामार्गावर जरा चढ लागला की गाडी सहावा, पाचवा, चौथा, पुन्हा पाचवा असे गिअर बदलत बसते. पूर्वी गॅलनला २० मैल जाणारी गाडी आता १६.५ जाते. गॅरेजवाल्याने दोन्ही ॲक्सलचे क्राउन-पिनियन (इंजिनाची गती चाकांकडे वळवणारी गिअरची जोडी) बदलून ४.८८ चा रेशो घ्यायला सांगितले, एका मित्राच्या मते ५.२९ च घ्यावा, आणि माझे मेव्हणे म्हणतात की फक्त मागचा ॲक्सल बदला, निम्म्या पैशांत काम होईल. पुढच्या वर्षी ३५ इंची टायर घालावेत असेही मनात आहे. काय करावे? खर्च भरून निघेल का? कंपनीची वॉरंटी जाईल का?
— एक वाचक, ऑरोरा, कोलोराडो

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

गाडीचे मॉडेल, टायरची मापे आणि नेहमीचा रस्ता हे तिन्ही आपण नेमके कळवले असल्यामुळे मोघम उत्तर देण्याची वेळ आली नाही. आपण आताच्याच टायरवर राहणार असाल तर ४.८८ घ्यावा आणि तो दोन्ही ॲक्सलना घ्यावा, असे माझे मत आहे. मात्र गॅरेजची तारीख ठरवण्यापूर्वी दोन गोष्टी उरकून घ्याव्यात. एक म्हणजे ३५ इंची टायरचा विचार पक्का करावा किंवा कायमचा सोडून द्यावा, आणि दुसरी म्हणजे पुढे सांगितलेला बिनखर्चाचा प्रयोग आठ-पंधरा दिवस करून पाहावा.

आधी आपल्या तक्रारीचे मूळ पाहू. मूळ टायरचा व्यास मापांवरून ३०.६ इंच येतो आणि आताच्या टायरचा ३२.८ इंच, म्हणजे सुमारे ७.२ टक्के जास्त. टायर जितका उंच तितके चाकाच्या एका फेऱ्यात गाडी अधिक पुढे जाते आणि तेवढ्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी होतात. पिनियनचे किती फेरे झाले की क्राउनचा, म्हणजे चाकाचा, एक फेरा होतो, तो ॲक्सलचा रेशो. आपल्या ऑटोमॅटिक गाडीचा मूळ ॲक्सल रेशो ३.९०९ आहे, म्हणजे पिनियनला ११ दाते आणि क्राउनला ४३. मोठ्या टायरमुळे तो व्यवहारात ३.६५ च्या आसपास आल्यासारखा झाला आहे. ताशी ६५ मैलांना सहाव्या गिअरमध्ये (त्याचा रेशो ०.५८६) पूर्वी इंजिन मिनिटाला सुमारे १,६३५ फेरे घेत असे, ते आता १,५२५ वर आले. भरलेल्या गाडीखाली टायर थोडा दबतो, त्यामुळे हे आकडे दोन-तीन टक्के इकडेतिकडे होतील, पण हिशेबाचा कल तोच राहील.

शंभर-सव्वाशे फेऱ्यांनी एवढा फरक कसा पडतो, असे आपल्याला वाटेल. याचे उत्तर या इंजिनाच्या स्वभावात आहे. टॅकोमाचे हे ३.५ लिटरचे व्ही-६ इंजिन २७८ अश्वशक्तीचे असले तरी ती शक्ती ६,००० फेऱ्यांना मिळते आणि २६५ पौंड-फुटांचा कमाल टॉर्क (फिरवण्याचा जोर) ४,६०० फेऱ्यांना. खालच्या फेऱ्यांत ते मुळातच मवाळ आहे. त्यातून कंपनीने इंधन वाचावे म्हणून सहावा गिअर फार लांब ठेवलेला आहे, इतका की मूळ टायरवरही ही गाडी सहाव्यात फारशी टिकत नाही, ही तिच्या मालकांची जुनी तक्रार आहे. मोठ्या टायरने काठावर असलेली गोष्ट काठाच्या पलीकडे ढकलली एवढेच झाले.

दुसरे कारण आपला पत्ता. टर्बो नसलेले इंजिन समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांना ढोबळमानाने तीन टक्के शक्ती गमावते. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे, म्हणजे आपल्या घराच्या दारातच इंजिन पंधरा-सोळा टक्क्यांनी उणे झालेले असते. तिथून साठेक मैलांवरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांपर्यंत चढतो. तिथे सुमारे एक-तृतीयांश शक्ती हवेतच विरलेली असते आणि २७८ पैकी १९० च्या घरात अश्वशक्ती हाती उरते, तीही नेमकी सात टक्क्यांच्या चढावर, लोखंडी बंपर, तंबू, कुटुंब आणि ट्रेलर घेऊन. ह्यूस्टनच्या सपाटीवर राहणाऱ्या एखाद्या वाचकाने हेच टायर घालून हाच प्रश्न विचारला असता, तर मी त्यांना बहुधा हा खर्च टाळायला सांगितले असते.

आता रेशोकडे वळू. शाळेच्या त्रैराशिकाने पाहिले तर मूळची स्थिती परत आणण्यासाठी ३.९०९ ला १.०७२ ने गुणायचे, उत्तर येते ४.१९. याच्या सर्वात जवळचा रेशो ४.३०, जो टोयोटाने याच पिढीच्या मॅन्युअल गिअरबॉक्सच्या व्ही-६ गाड्यांना दिला होता. हिशेब निर्दोष आहे, पण तो फक्त टायरचा आहे. वाढलेले वजन, वाऱ्याला आडवा येणारा तंबू आणि विरळ हवा यांपैकी कशाचीही दखल त्यात नाही. शिवाय मूळची स्थिती तरी कुठे समाधानकारक होती? क्राउन-पिनियन कोणत्याही रेशोचे घेतले तरी डिफरन्शियल, म्हणजे ॲक्सलमधला क्राउन-पिनियनचा डबा, उघडण्या-जुळवण्याची मजुरी तीच लागते. तेव्हा तेवढीच मजुरी मोजून जिथून निघालो तिथेच परत येऊन थांबण्यात मला शहाणपण दिसत नाही.

त्याचबरोबर रेशो बदलल्याने काय होत नाही हेही स्पष्ट असावे, कारण या कामाविषयीचे बरेचसे गैरसमज तिथेच जन्म घेतात. रेशो बदलून इंजिनाची शक्ती रतीभरही वाढत नाही. बोगद्यापाशी १९० अश्वशक्ती असेल तर ती ४.८८ नंतरही १९० च राहते. बदलतात त्या गिअरच्या पायऱ्यांच्या जागा. उदाहरणार्थ, ताशी ६० मैलांनी ट्रेलर ओढत चढताना आज आपल्या गाडीपुढे दोनच पर्याय असतात. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन सुमारे ३,३६० फेऱ्यांवर असते, तिथे जोर पुरत नाही म्हणून गाडी दुसरा टाकते आणि फेरे एकदम ४,९०० वर जातात, मग इंजिनाचा आरडाओरडा सुरू होतो आणि मागे बसलेली मुले विचारतात की गाडीला काय झाले. ४.८८ घेतल्यावर हाच तिसरा गिअर त्याच वेगाला ४,२०० फेऱ्यांवर चालेल, म्हणजे कमाल टॉर्कच्या बऱ्यापैकी जवळ आणि दोन टोकांच्या मधोमध. अगदी तीव्र चढावर दुसरा गिअर तेव्हाही लागेल. पण चढाचा बराच मोठा भाग गाडी एकाच गिअरमध्ये, न कुरकुरता काढू शकेल. आपली तक्रार सततच्या गिअरबदलाची आहे, शर्यत जिंकण्याची नाही, म्हणून हे काम आपल्या उपयोगाचे आहे असे मी म्हणतो.

वारंवार गिअर बदलण्याचा त्रास केवळ कानांना होतो असेही नाही. प्रत्येक बदलात इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरचे लॉक सुटते, तो काही काळ घसरत फिरतो आणि त्या घसरण्याची सगळी उष्णता गिअरबॉक्सच्या तेलात जाते. गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला (ओबीडी) जोडायचे एक साधे ब्लूटूथ उपकरण घेऊन चढावर तेलाचे तापमान पाहत चला. ट्रेलरसह आणि ट्रेलरविना, दोन्ही वेळचे आकडे टिपून ठेवा, म्हणजे कामानंतर तुलना करायला काहीतरी हातात असेल.

आता तो बिनखर्चाचा प्रयोग. आपल्या गाडीच्या गिअरच्या दांडीला ‘एस’ ही जागा आहे. तिथे दांडी आणून आकडा पाचवर ठेवला की गाडी पाचव्याच्या वर जात नाही, खाली मात्र हवी तेवढी उतरू शकते. पाचव्याचा रेशो ०.७१६. त्याला आजच्या ३.९०९ ने गुणले तर २.८० येतात. सहाव्याच्या ०.५८६ ला ४.८८ ने गुणले तर २.८६ येतात. फरक अवघा दोन टक्क्यांचा. म्हणजे ४.८८ बसवल्यानंतर आपला सहावा गिअर महामार्गावर जवळजवळ तसाच चालेल जसा आजचा पाचवा चालतो. एकदा ऑरोराहून कोलोराडो स्प्रिंग्जपर्यंत आणि एकदा बोगद्यापलीकडे डिलनपर्यंत पाचव्यात अडकवून गाडी चालवून पाहा. ताशी ६५ ला इंजिन सुमारे १,८६० फेऱ्यांवर असेल. आवाज सोसवतो का, क्रूझ लावल्यावर गाडी वेग धरून ठेवते का, इंधन किती लागते, हे सगळे एक डॉलरही न खर्चता कळेल.

या प्रयोगाचा निकाल कदाचित असाही लागेल की एवढ्यानेच आपले समाधान होईल. आपण वर्षातून दोनदाच डोंगरात जाणारे असता, तर ‘एस’ वापरा आणि पैसे मुलांच्या कॉलेजसाठी ठेवा, असे मी मोकळेपणाने लिहिले असते. पण आपले जाणे-येणे त्याहून बरेच अधिक आहे, आणि ‘एस’ने फक्त वरचा गिअर बंद होतो, खालच्या पायऱ्यांमधली ती दरी, जड टायर हलवताना सिग्नलवर होणारी ओढाताण आणि दगडांच्या वाटेवरचा संथपणा यांतले काहीच त्याने सुधारत नाही. शेवटचा मुद्दा आपल्याला महत्त्वाचा वाटावा. फोर-लोमध्ये (चारही चाके संथ पण जोराने फिरवणाऱ्या पायरीत) पहिल्या गिअरला इंजिनाचे एकूण किती फेरे म्हणजे चाकाचा एक फेरा, हा आकडा आपल्या गाडीत मुळात ३५ होता. ४.८८ ने तो ४४ होतो, म्हणजे मॅन्युअल टॅकोमाइतका. मोठ्या टायरची सात टक्क्यांची वजावट करूनही ४१ उरतात. यूरेहून १३,११४ फुटांच्या इमोजीन पास या घाटावर जाताना, आणि त्याहीपेक्षा तिथून उतरताना, ब्रेकवर पाय न ठेवता गाडी इंजिनाच्या जोरावर सावकाश उतरते की नाही हे या आकड्यावर अवलंबून असते.

४.८८ की ५.२९? आपले मित्र चूक सांगत नाहीत. आपल्याच मापाच्या टायरवर ५.२९ लावून समाधानी असलेले टॅकोमाचे मालक पुष्कळ आहेत, आणि ट्रेलरपुरते बोलायचे तर वरच्या उदाहरणातला तिसरा गिअर ५.२९ ने ४,५५० फेऱ्यांवर येतो, म्हणजे थेट कमाल टॉर्कवर. पण ट्रेलर आपल्यामागे अधूनमधूनच असतो आणि कामावर जाणे रोजचे आहे. ताशी ७५ मैलांना सहाव्यात ४.८८ वर इंजिन सुमारे २,२०० फेरे घेते, ५.२९ वर २,३८०. हा फरक जीव नकोसा करणारा नाही, तरी दिवसभराच्या प्रवासात जाणवतो. दुसरी गोष्ट दात्यांची. रेशो जसा वाढतो तसे पिनियनचे दाते कमी होत जातात आणि पिनियन आकारानेही लहान होते. ४.८८ मध्ये सहसा ३९ ला ८ दाते असतात, ५.२९ मध्ये ३७ ला ७. एका वेळी जितका कमी धातू भार पेलणार तितकी मजबुती उणी, आणि आपल्या गाडीचा पुढचा डिफरन्शियल मागच्याहून लहान आहे हेही लक्षात ठेवावे. जरुरीपेक्षा अधिक रेशो घेऊन मजबुती आणि शांतता दोन्ही थोडी-थोडी खर्च करण्याचे मला कारण दिसत नाही.

३५ इंची टायर मात्र सगळा हिशेब बदलून टाकतात. नावाने ३५ असले तरी असे टायर मोजले तर बहुधा साडेचौतीसच्या आसपास भरतात; तेवढे धरले तर ४.८८ वर ताशी ६५ मैलांना सहाव्यात फेरे १,८१० होतात आणि ५.२९ वर १,९६०. तेव्हा ५.२९ हेच योग्य उत्तर ठरेल. पण टॅकोमावर ३५ इंच बसवणे म्हणजे नुसते टायर विकत घेणे नव्हे. सस्पेन्शन उचलावे लागते, चाकाच्या घेऱ्यातला पत्रा आणि कॅबच्या बॉडी-माउंटचा कोपरा कापून पुन्हा वेल्डिंग करावे लागते, ब्रेकवरचा भार वाढतो, स्टिअरिंगच्या रॅकवर आणि ॲक्सलच्या सीव्ही सांध्यांवर ताण येतो. कुटुंबाची आणि रोजच्या कामाची गाडी म्हणून मी या वाटेला जाणार नाही. तरीही आपले मन तिकडेच ओढत असेल तर रेशोचे काम पुढच्या वर्षापर्यंत थांबवा आणि एकदाच ५.२९ करा. आज ४.८८ आणि पुढच्या वर्षी ५.२९ अशी दोनदा मजुरी भरणे हा या प्रकरणातला सर्वात महाग पर्याय आहे.

आपल्या मेव्हण्यांच्या सूचनेबाबत आदर राखूनही स्पष्ट लिहावे लागेल. टॅकोमाची फोर-व्हील-ड्राइव्ह पार्ट-टाइम पद्धतीची आहे. फोर-हाय किंवा फोर-लो लावले की ट्रान्सफर केस (दोन्ही ॲक्सलना शक्ती वाटणारा डबा) पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडते आणि दोन्ही एकाच गतीने फिरू लागतात. मागे ४.८८ आणि पुढे ३.९०९ असेल तर त्याच शाफ्टच्या गतीवर पुढची चाके मागच्यांपेक्षा चोवीस-पंचवीस टक्के वेगाने फिरू पाहतील, पण चारही चाके तर एकाच गाडीला लागलेली आहेत. मऊ बर्फावर टायर घसरून काही अंतर निभावेल, कोरड्या जमिनीवर मात्र ट्रान्सफर केस, शाफ्ट किंवा पुढचा डिफरन्शियल यांतले जे कच्चे असेल ते आधी तुटेल. कोलोराडोच्या हिवाळ्यात फोर-व्हील कधीच न लावण्याची प्रतिज्ञा कोण पाळणार? दोन्ही ॲक्सल एकाच वेळी, एकाच रेशोचे, हा नियम निरपवाद आहे. गॅरेजने मागचे काम आज आणि पुढचे पुढच्या आठवड्यात असे केले, तर मधल्या दिवसांत फोर-व्हीलच्या बटणाला हात लावू नये आणि घरातल्या दुसऱ्या चालकालाही तसे बजावून ठेवावे.

आता ज्या भागावर आपले पैसे खरोखर तरतात किंवा बुडतात त्याकडे येतो, आणि तो भाग म्हणजे जुळवणी. क्राउन-पिनियन कोणत्या कंपनीचे घ्यावे यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण नामांकित कंपनीचे गिअर चुकीच्या जुळवणीने महिन्याभरात गुणगुणू लागतात आणि मध्यम प्रतीचे गिअर चांगल्या हाताखाली वर्षानुवर्षे चालतात. जुळवणीत चार गोष्टी साधायच्या असतात. पिनियन क्राउनच्या दिशेने किती आत बसले आहे ते शिम (पातळ चकत्या) घालून-काढून ठरवायचे. पिनियनच्या बेअरिंगवर मुळात किती दाब असावा ते पिनियन हाताने फिरवायला लागणाऱ्या जोरावरून मोजायचे. क्राउन आणि पिनियनच्या दात्यांमधला प्ले (मोकळी फट) डायल गेजने मोजायचा. नव्या गिअरसाठी तो साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असतो, नेमका आकडा किटसोबतच्या कागदावर छापलेला असतो आणि तोच पाळायचा.

चौथी गोष्ट डोळ्यांनी पाहण्याची आहे, आणि शक्य असल्यास ती आपण स्वतः जाऊन पाहावी. मेकॅनिक क्राउनच्या तीन-चार दात्यांवर ब्रशने पिवळा रंगलेप लावतो, क्राउनवर थोडा अडथळा धरून पिनियन दोन्ही दिशांना फिरवतो आणि मग दिव्याच्या उजेडात तो दाता वाकून पाहतो. जिथे दाता दात्याला टेकला तिथला लेप पुसला जाऊन धातूचा एक लंबगोल ठसा उमटतो. तो ठसा दात्याच्या उंचीच्या मधोमध हवा, माथ्याच्या काठाला किंवा बुडाच्या खाचेला चिकटलेला नको. काठाला लागला असेल तर सगळे पुन्हा उघडायचे, शिम बदलायचा, पुन्हा बसवायचे, पुन्हा लेप लावायचा. चांगला मेकॅनिक हे तीन-चार वेळा न कंटाळता करतो, घाईचा मेकॅनिक पहिल्याच ठशाला ‘चालतंय’ म्हणतो. काम देण्यापूर्वीच सांगून ठेवा की दोन्ही डिफरन्शियलच्या ठशांचे फोटो आणि प्लेचे आकडे बिलासोबत हवेत. या मागणीने जो नाराज होतो त्याच्याकडून गाडी परत आणलेली बरी.

आपल्या गाडीबाबत आणखी काही बारकावे. मागचा डिफरन्शियल हाउसिंगमधून अख्खा बाहेर काढून टेबलावर जुळवता येतो, म्हणून ते काम त्या मानाने सुटसुटीत आहे. पण ॲक्सल शाफ्ट ओढावे लागतात, तेव्हा त्यांची ऑइल सील त्याच वेळी नवी घालून घ्यावीत, नाहीतर काही महिन्यांनी तेल गळून मागच्या ब्रेकवर येते. टीआरडी ऑफ-रोडला मागे कंपनीचा इलेक्ट्रिक लॉकर (मागची दोन्ही चाके एकत्र जखडणारी यंत्रणा) आहे, त्याच्या जुळवणीचा सराव असलेला माणूस शोधा. पुढचा डिफरन्शियल दोन अर्ध्या भागांत उघडणारा आहे, तो गाडीखालून पूर्ण काढल्याशिवाय काहीच होत नाही, आणि मजुरीतला मोठा वाटा त्याचाच असतो. बेअरिंग जुनी वापरून काटकसर करू नये. पूर्ण इन्स्टॉल किट, म्हणजे बेअरिंग, सील, शिम आणि क्राउनचे नवे बोल्ट, घ्यावे. भाग मागवण्यापूर्वी चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा ॲक्सल कोड विक्रेत्याला कळवावा, कारण टॅकोमाच्या निरनिराळ्या मॉडेलांत डिफरन्शियलचे आकार एकसारखे नाहीत. दोन्ही ॲक्सलचे सामान आणि मजुरी मिळून अडीच ते साडेतीन हजार डॉलर लागतील असे धरून चालावे. त्याहून फारच स्वस्त भाव मिळाला तर काय वगळले आहे ते विचारा.

खर्च भरून निघेल का, या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. त्याआधी एक दुरुस्ती. आपली गाडी १६.५ मैल देते हा आकडा मीटरवरून काढला असेल तर तो खरा नाही. टॅकोमाचा मीटर चाकांजवळच्या एबीएस सेन्सरकडून फेरे मोजतो, टायर उंच झाला आहे हे त्याला माहीत नसते, आणि म्हणून तो अंतर कमी दाखवतो. १६.५ ला १.०७२ ने गुणले की प्रत्यक्षात १७.७ मैल येतात. आपण गमावलेल्या साडेतीन मैलांपैकी सव्वा मैल कधी गमावलाच नव्हता. (याच कारणाने मीटरवर ६५ दिसत असताना प्रत्यक्ष वेग ७० च्या जवळ असू शकतो. फोनच्या जीपीएसवर ताडून पाहा, नाहीतर पोलीस ताडून पाहतील.) रेशो बदलल्याने मीटरच्या या चुकीत काही फरक पडत नाही, ती टायरची आहे. उरलेली घट वजनाची, वाऱ्याची आणि जाड टायरच्या ओढीची आहे. ४.८८ ने शहरात आणि चढावर थोडे परत मिळेल, सपाट महामार्गावर कदाचित काहीच नाही. अगदी उदारपणे एक मैल वाढला असे धरले तरी वर्षाला १२,००० मैलांमागे ३६ गॅलन वाचतात. साडेतीन डॉलरच्या भावाने वर्षाचे सव्वाशे डॉलर झाले, म्हणजे अडीच हजार फिटायला वीस वर्षे. हे काम गाडी नीट चालावी म्हणून करायचे असते, पेट्रोलसाठी नव्हे.

वॉरंटीविषयी अमेरिकेतला १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आपल्या बाजूने आहे, पण अर्धाच. बाहेरचा भाग बसवला एवढ्या कारणावरून कंपनीला संपूर्ण वॉरंटी रद्द करता येत नाही. मात्र जो बिघाड त्या भागामुळे किंवा त्याच्या जुळवणीमुळे झाला, त्याची भरपाई ती नाकारू शकते. आपल्या गाडीची पॉवरट्रेन वॉरंटी पाच वर्षे किंवा ६०,००० मैल, जे आधी होईल तोपर्यंत आहे. ती चालू असेल तर एअर कंडिशनर किंवा इंजिनाचा पंप बिघडल्यास गिअरचे निमित्त पुढे करता येणार नाही, पण डिफरन्शियलची वॉरंटी आपण स्वखुशीने सोडली असे समजून चाला. गिअरबॉक्सबाबत वाद होऊ शकतो, आणि तिथे तेलाच्या तापमानाच्या आपल्या नोंदी, ठशांचे फोटो आणि गॅरेजचे सविस्तर बिल कामी येतील. गॅरेजची स्वतःची हमी किती महिन्यांची, आणि गिअर वाजू लागल्यास मजुरीसकट दुरुस्ती मिळेल का, हे कामापूर्वी लेखी घ्यावे.

काम झाल्यावर गाडी ताब्यात घ्याल तो आठवडा डोंगराचा नसावा. नवे दाते एकमेकांत रुळताना फार तापतात, आणि पहिल्याच दिवशी अति तापले तर त्यांच्या पृष्ठभागाचा कडकपणा जातो. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मैल साध्या वेगाने चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी, मग पुन्हा तसेच, असे काही वेळा करावे. कामावर जाण्या-येण्याचा आपला रस्ता यासाठी उत्तम आहे. पहिले ५०० मैल ट्रेलर जोडू नये आणि पूर्ण ॲक्सिलरेटर दाबू नये. तेल गिअर बनवणाऱ्याने सांगितलेल्या दर्जाचेच घालावे आणि ५०० मैलांनी पुढचे-मागचे दोन्ही बदलावे. त्या वेळी निचरा करण्याच्या बोल्टवरचे चुंबक पुसून पाहा. त्यावर मऊ, राखाडी चिखल असेल तर तो रुळण्याचा भाग आहे. बोटाला टोचणारा कण किंवा कपची सापडली, किंवा ॲक्सिलरेटर दाबताना अथवा सोडताना पूर्वी नसलेला एकसुरी आवाज येऊ लागला, तर पुढच्या सहलीची वाट न पाहता गाडी त्याच गॅरेजला नेऊन डिफरन्शियल उघडायला लावावे.